पान्हा, पंप आणि मोकळे हात

हिरकणीची गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी भुकेलेले तान्हे मूल आणि काळोखात उतरलेला तो भयंकर कडा. ही दंतकथा आहे, ती दंतकथा म्हणूनच वाचावी. पण तिच्यातला एक तपशील आपल्या नजरेतून बहुधा सुटतो. हिरकणी गडावर दूधच विकायला गेली होती. दुसऱ्यांच्या घरी दूध पोचवता पोचवता स्वतःच्या मुलाच्या दुधाची वेळ टळली, अशी ही गोष्ट आहे. म्हणजे मुळात ती कामावर गेलेल्या आईची गोष्ट आहे. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, कड्यावर बुरूज बांधला आणि त्याला तिचे नाव दिले, असे सांगतात. तान्ह्या मुलांच्या आयांसाठी दरवाजा जरा उशिरा बंद करावा असा हुकूम निघाल्याचे मात्र मी ऐकलेल्या एकाही गोष्टीत नाही.

आज हे आठवण्याचे कारण अगदी आधुनिक आहे. ब्रेस्ट पंप नावाचे यंत्र आता आपल्याकडच्या तरुण आयांच्या पर्समध्ये दिसू लागले आहे. त्यातलाही एक नवा प्रकार आहे, जो चोळीच्या आतच बसतो. त्याला नळ्या नाहीत, तारा नाहीत. तो आपले काम करत असतो आणि आई आपले काम करत असते, मग ते संगणकावरचे असो की स्वयंपाकघरातले. 'हात मोकळे' हीच त्याची जाहिरात. हे मोकळे हात काही एका दिवसात मोकळे झालेले नाहीत. त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. त्यात वैद्य आहेत, गवळी आहेत, गिरण्या आहेत आणि एक बुद्धिबळपटूही आहे. तो इतिहास आज थोडा उलगडून पाहू.

सुरुवात आपल्याच भाषेतल्या एका शब्दापासून करते. तो शब्द म्हणजे पान्हा. इंग्रजी वैद्यकाला ज्यासाठी तीन तीन शब्दांचे नाव बनवावे लागले, त्याला मराठीत हा दोन अक्षरी शब्द फार पूर्वीपासून आहे. स्तनात दूध असणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे, हे आपल्या गवळ्यांना आणि सुइणींना पक्के ठाऊक होते. ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याला विचारा, तो सांगेल की वासरू लावल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. परका माणूस बसला, कुत्रे भुंकले, की ती पान्हा चोरते. आता शरीरशास्त्र सांगते की बाळाच्या ओढण्याने, कधी नुसत्या त्याच्या रडण्यानेसुद्धा, मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य रक्तात सुटते आणि दुधाच्या पिशव्या आवळल्या जाऊन दूध पुढे येते. घाबरलेल्या, संकोचलेल्या, घाईत असलेल्या बाईचा पान्हा अडतो. पंपाचा सगळा इतिहास म्हणजे एका अर्थी या पान्ह्याची समजूत घालण्याचा इतिहास आहे.

यंत्र येण्यापूर्वी काय होते? पहिला उपाय दुसरी बाई. आपल्या आयुर्वेदात तिला धात्री म्हणतात. धात्री कशी निवडावी, तिचे दूध शुद्ध आहे की नाही हे पाण्यात टाकून कसे पाहावे, याचे नियम चरकसंहितेत दिलेले आहेत. शुद्ध दूध पाण्यात एकजीव होते, असे तिथे सांगितले आहे. मराठी इतिहासातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण धाराऊचे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊला दूधआई म्हणून आणले गेले. दूधआई, दूधभाऊ ही नाती आपल्याकडे रक्ताच्या नात्याइतकी मानली जात.

आमच्या गोव्याने या विषयाला एक शब्दही दिला आहे. 'आया' हा शब्द पोर्तुगीज 'आइआ'वरून आलेला आहे. हा शब्द इथून सबंध हिंदुस्थानभर गेला, इंग्रजांनीही उचलला, आणि त्याच्याबरोबर आमच्या बायकाही गेल्या. मुंबईच्या पारशी आणि युरोपियन घरांत, पुढे आखाती देशांत, लोकांची मुले सांभाळणाऱ्या गोमंतकीय आया आपण पाहिल्या आहेत, निदान त्यांच्याबद्दल ऐकले आहे. त्यांची स्वतःची मुले गावात आजीपाशी वाढत. दूधआई काय किंवा आया काय, एका बाईचे हात मोकळे व्हायचे ते दुसऱ्या बाईचे गुंतवून. धाराऊच्या वाट्याला मान आला, बहुतेकींच्या वाट्याला नुसता पगार आला.

दुसरा उपाय हाताने पिळून काढण्याचा. तो सर्वत्र होता आणि आजही तोच सर्वात स्वस्त व सोपा आहे. तिसरा उपाय साधनांचा. युरोपात सोळाव्या शतकातल्या वैद्यकीय पुस्तकांत एक काचेचे पात्र सापडते, ज्याची एक बाजू स्तनावर बसवायची आणि लांब नळीचे टोक आईने स्वतःच्याच तोंडात धरून ओढायचे. ठणकणाऱ्या, दगडासारख्या झालेल्या स्तनांतून दूध काढणे हा तिचा मुख्य उपयोग. बाळासाठी साठवणे हा त्यातला हेतू नव्हताच, कारण साठवणार कशात? बर्फाचे कपाट घराघरांत यायला अजून फार अवकाश होता.

यंत्राची नोंद सापडते ती अमेरिकेत. २० जून १८५४ रोजी न्यूयॉर्कच्या ऑर्वेल नीडहॅम यांना ब्रेस्ट पंपाचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ११,१३५. गंमत अशी की त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, ७ जुलै १८५४ रोजी, मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली. मुंबईच्या कापड गिरण्यांची ती सुरुवात. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळते. पण पुढे शंभर वर्षे जो प्रश्न सगळ्या जगातल्या आयांपुढे उभा राहिला, त्याची दोन टोके एकाच पावसाळ्याच्या तोंडावर जन्माला आली, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही. एका टोकाला दूध काढण्याचे यंत्र आणि दुसऱ्या टोकाला बाईला दिवसभर मुलापासून दूर ठेवणारे यंत्र. ही दोन्ही यंत्रे एकत्र यायला मात्र फार वर्षे लागली.

त्या काळातले पंप कामावर जाणाऱ्या बायकांसाठी नव्हतेच. ते डॉक्टरांसाठी होते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, त्याला ओढण्याची ताकद नसेल, आईची बोंडे आत वळलेली असतील, तर डॉक्टर पंप वापरीत. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या आल्या आणि ही बाळे जगवता येतात हे दिसू लागले. पण जगवायची तर त्यांना आईचे दूध थेंब थेंब पाजायला हवे. त्यातूनच दुसऱ्या आयांचे दूध जमवण्याची कल्पना निघाली. १९०९ मध्ये व्हिएन्नात एशेरिख या बालरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने पहिली दूधपेढी सुरू झाली, आणि १९१० मध्ये अमेरिकेत बोस्टनला. २८ मे १९३४ रोजी कॅनडात दिओन घराण्यात पाच मुली एकदम जन्मल्या, तेव्हा त्यांच्यासाठी मोठमोठ्या शहरांतून मातेचे दूध रेल्वेने पाठवण्यात आले होते. पाचही मुली जगल्या. एकाच वेळी जन्मलेली पाचही भावंडे वाचल्याचे ते जगातले पहिले ज्ञात उदाहरण आहे.

आता तो बुद्धिबळपटू. एडवर्ड लास्कर हा जर्मनीत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला इंजिनियर. जगज्जेता एमॅन्युएल लास्कर तो निराळा, या दोघांत गल्लत करू नये. बुद्धिबळाची आवड असलेल्यांना एडवर्ड ठाऊक असतो तो १९१२ मध्ये लंडनला सर जॉर्ज थॉमस यांच्याशी खेळलेल्या डावामुळे. त्यात त्याने वजीर देऊन प्रतिस्पर्ध्याचा राजा पटावरून ओढत ओढत आपल्या घरापर्यंत आणला आणि तिथे मात केली. याच माणसाने १९२० च्या दशकात विजेवर चालणारा ब्रेस्ट पंप बनवून त्याचे पेटंट घेतले. नुसते सतत खेचत राहण्याऐवजी बाळ जसे ओढते, थांबते, पुन्हा ओढते, तशी लय या पंपाला होती. अपुऱ्या दिवसांची कितीतरी बाळे त्यामुळे वाचली आणि लास्करला पैसाही मिळाला. त्याचे मित्र त्याला चेस प्लेयरऐवजी गमतीने 'चेस्ट प्लेयर' म्हणत, असे सांगतात.

घरोघरी मात्र तेव्हा दिसे तो काचेचा आणि रबराचा साधा पंप. सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुगा दाबायचा आणि सोडायचा. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांतही तो मिळे. जुन्या जाणत्या बायका त्याच्याबद्दल फारसे चांगले बोलत नाहीत. ओढ किती बसेल याला माप नसे, त्यामुळे तो दुखे, आणि फुग्याच्या आतली स्वच्छता करणे अशक्यच.

हा मापाचा प्रश्न सोडवला एका स्वीडिश इंजिनियरने. त्याचे नाव आयनार एग्नेल. किती जोराने ओढले तर दूध येते आणि किती जोराने ओढले तर इजा होते, याचा त्याने पद्धतशीर अभ्यास केला. आणि त्यासाठी आधार कशाचा घेतला? गाई पिळण्याच्या यंत्रांचा. त्या यंत्रांवर तोवर भरपूर संशोधन झालेले होते, कारण गाईच्या दुधात पैसा होता. १९५६ मध्ये त्याचा पंप तयार झाला. मदत करणाऱ्या परिचारिकेच्या, सिस्टर माया यांच्या, नावाची आद्याक्षरे त्याने पंपाच्या नावात ठेवली. पुढे दुसऱ्या एका स्वीडिश माणसाने, ओले लार्सन याने, १९६१ मध्ये स्वित्झर्लंडला मेडेला ही कंपनी काढली. या व्यवसायातले ते आजचे सर्वात परिचित नाव. दुधाच्या शास्त्रात मोठी भर घालणारे ऑस्ट्रेलियाचे पीटर हार्टमन हेही मुळात दुभत्या जनावरांच्या अभ्यासातून इकडे वळलेले. त्यांच्या गटाच्या संशोधनावरून या शतकाच्या सुरुवातीला असे पंप आले, जे आधी हलके हलके भराभर ओढून पान्हा आणतात आणि मग सावकाश, खोल ओढून दूध काढतात. वासरू आधी सडांना ढुसण्या देते आणि मग पिते. आमच्या गवळ्यांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नसता, पण यंत्राला ते शिकवायला दीडशे वर्षे लागली, हे खरे.

इथवरचे पंप इस्पितळातले. जड, महागडे, चाकांच्या गाड्यावर ठेवलेले. ते बाईच्या खांद्याला आले ते १९९० च्या दशकात. १९९१ मध्ये मेडेलाने घरी वापरण्याजोगा विजेचा पंप अमेरिकेत आणला आणि १९९६ मध्ये कचेरीला नेण्याच्या काळ्या बॅगेत बसवलेला. हे अमेरिकेतच का घडले, याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही, रजेच्या नियमांत आहे. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळाली, तीही बिनपगारी आणि सगळ्यांना नाही. तीन महिन्यांचे मूल घरी ठेवून, कित्येकदा त्याहीपूर्वी, बाईला कामावर हजर व्हावे लागे. याच्या उलट एग्नेलच्या स्वीडनमध्ये १९७४ पासून आई आणि बाप दोघांनाही पगारी पालकत्व रजा आहे. म्हणजे ज्या देशाने चांगला पंप घडवला त्या देशाने बायकांना वेळही दिला, आणि ज्या देशाने वेळ दिला नाही तिथे पंपाची बाजारपेठ फुलली. पुढे २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याने अमेरिकेत कामाच्या ठिकाणी दूध काढायला सुट्टीची वेळ आणि जागा देणे बंधनकारक झाले. ही जागा 'न्हाणीघर सोडून दुसरी' असावी असे त्यात स्पष्ट लिहावे लागले, यावरून आधी काय चालत होते ते समजते. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना पंपाचा खर्चही उचलावा लागला. शिक्षिका, परिचारिका अशा कितीतरी जणी तरी त्यातून सुटल्याच होत्या, त्यांना २९ डिसेंबर २०२२ च्या नव्या कायद्याने सामावून घेतले. पगारी रजा मात्र देशभरासाठी अजूनही नाही.

बॅग खांद्याला आली तरी हात मोकळे झाले नव्हते. दोन्ही हातांनी दोन कप धरून, वरचे कपडे बाजूला सारून, पंधरा-वीस मिनिटे बसून राहावे लागे, आणि असे दिवसातून तीन तीन वेळा. बायकांनीच यावर युक्ती काढली. जुन्या स्पोर्ट्स ब्राला दोन भोके पाडायची आणि त्यांत कप अडकवायचे, कोणी रबरबँड बांधायचे. कंपन्यांनी ते पाहून तशा तयार चोळ्या विकायला काढल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत इंजिनियर, आया, परिचारिका यांना एकत्र बसवून पंप कसा सुधारावा यावर खास मेळावा भरला. जानेवारी २०१७ मध्ये लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात विलो हा चोळीत बसणारा पंप लोकांपुढे आला. त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर. सप्टेंबर २०१८ मध्ये लंडनच्या फॅशन सप्ताहात एक मॉडेल एल्वी नावाचा तसाच पंप लावून चालली आणि वर्तमानपत्रांत फोटो झळकले. चारशे वर्षे जे दाराआड चालत होते ते असे एकदम दिव्यांच्या झोतात आले. पुढे एल्वी कंपनी अडचणीत येऊन मार्च २०२५ मध्ये विलोनेच तिचा व्यवसाय विकत घेतला, ही बाजाराची रीत.

या मोकळ्या हातांच्या कथेत एक वळण मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉ. जेन मॉर्टन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांना त्यांनी विजेच्या पंपाबरोबर हातांनी चोळणे, दाबणे आणि शेवटी हाताने पिळणेही शिकवले. दूध बरेच वाढले. म्हणजे जग हात मोकळे करण्याच्या मागे लागलेले असताना, दूध वाढवायचे तर हात लावा, असे शास्त्र सांगत होते. आपल्याकडच्या सुईणबाईने हे ऐकून नुसते हसून घेतले असते.

आता गिरण्यांकडे परत येऊ, कारण आपला प्रश्न तिथे आहे. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाईपाशी पंप नव्हता आणि बर्फाचे कपाटही नव्हते. तिच्यापाशी बाळगोळी होती. बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. सकाळी ती दिली की मूल आई परत येईपर्यंत गुंगीत पडून राही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा बहुतेक सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांना आढळले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या बायका काही दुष्ट नव्हत्या. पाळी चुकली की पगार जात होता. हात मोकळे करण्याची ती त्यांची रीत होती, आणि तिची किंमत मूल मोजत होते.

जगात तोवर दुसरा विचारही सुरू झाला होता. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद भरली. तिने केलेल्या करारात बाळंतपणाच्या रजेबरोबर, अंगावर पाजणाऱ्या आईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास मोकळा मिळावा, असे कलम घातले. आपल्याकडे ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. मग प्रश्न मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात आला. तिथे जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुळात सरकारने उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नसेल, तर बाईच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकाने तरी उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये तो कायदा झाला. या युक्तिवादात यंत्राचा विचार कुठेच नाही. आईला अधिक काम कसे करता येईल हा त्यात प्रश्नच नाही. तिला काही काळ काम न करण्याचा हक्क आहे, आणि त्याची किंमत तिने एकटीने मोजू नये, एवढेच त्यात आहे.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात तो विचार देशभरासाठी आला. १२ आठवड्यांची पगारी रजा आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी. २०१७ च्या दुरुस्तीने रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरतुदी तशाच राहिल्या. कागदावर पाहिले तर अमेरिकेपेक्षा आपण कितीतरी पुढे आहोत.

पण मी कारकुनी करते, कागद आणि कचेरी यांतले अंतर रोज पाहते. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. रजा मंजूर होते, त्यात कोणी खळखळ करत नाही. पाजण्याच्या सुट्टीचा अर्ज मात्र इतक्या वर्षांत एकही आलेला मला आठवत नाही. अशी काही सुट्टी असते हेच बायकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी मूल वीस किलोमीटरवर असताना पंधरा-वीस मिनिटांत जाऊन पाजून येणार कशी? मग एखादी नवी बाळंतीण दुपारी हळूच रेकॉर्ड रूममध्ये जाते, जुन्या फायलींच्या धुळीत उभी राहून दूध पिळते आणि बेसिनमध्ये ओतून देते. बाहेर दुसरी कोणी राखण करत उभी असते. त्या दुधाकडे पाहताना तिच्या डोळ्यांत जे येते ते मी पाहिले आहे. अशा बाईला पंप, एक कडी लागणारी खोली आणि फ्रीजचा एक कप्पा मिळाला तर ते दूध वाया जाणार नाही. काढलेले दूध खोलीत २५ अंशांपर्यंत सुमारे ४ तास टिकते, फ्रीजमध्ये ४ दिवस. आमच्या मे महिन्याचा उकाडा पाहता फ्रीज हवाच. म्हणून यंत्राला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

शिवाय काढलेल्या दुधाचे मोल किती असू शकते हे मुंबईने दाखवून दिले आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. महापालिकेचे रुग्णालय, धारावीसारख्या वस्तीतून येणाऱ्या गरीब आया, आणि त्यांनीच दिलेले दूध. निर्जंतुक केलेले ते दूध अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या, आई गमावलेल्या बाळांना मिळू लागले. धाराऊचीच परंपरा ही, फक्त आता दूधआईचे नाव कोणाला कळत नाही.

महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत आयांसाठी ज्या खोल्या केल्या, त्यांना 'हिरकणी कक्ष' हे नाव दिले. नाव फार सुंदर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे आपले अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा तिथे असा कक्ष झाला आणि कौतुकही झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात मात्र कक्षाची दुरवस्था पाहून त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदाराची ही गत, तर मासळी बाजारात टोपलीमागे बसणाऱ्या बाईचे, काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या बाईचे काय? २६ आठवडे तिला नाहीत, कारण तिची कुठे नेमणूकच नाही. ५०० डॉलरचा पंप तिने विकत घेतला तरी ठेवणार कुठे?

हा सगळा इतिहास वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. दर पिढीने आईला काहीतरी दिले, कोणी दूधआई, कोणी अफूची गोळी, कोणी पंप. यातली काही साधने चांगली, काही भयंकर. पण या सगळ्यांचा उद्देश एकच राहिला, की तिने कामावर वेळेत हजर व्हावे. तिचा वेळ वाढवून देण्याचा विचार १९१९ आणि १९२८ मध्ये काही माणसांनी केला, तोच काय तो वेगळा. चोळीत बसणारा पंप हात मोकळे करतो ही खरोखर चांगली गोष्ट आहे. फक्त ते मोकळे हात लगेच दुसऱ्या फायलीवर, दुसऱ्या भांड्यावर पडणार असतील, तर ती मोकळीक कोणाला मिळाली हे विचारायला हवे. पान्हा निवांतपणा मागतो. यंत्र दूध काढू शकते, निवांतपणा देऊ शकत नाही. तो आजूबाजूच्या माणसांनी द्यायचा असतो.

असो. आपल्या कचेरीत, शाळेत, बँकेत कोणी नवी बाळंतीण रजेवरून परत आली असेल, तर तिला पाजण्याच्या सुट्टीचे कलम दाखवा. रेकॉर्ड रूमच्या दाराला आतून कडी आहे का तेही पाहा, आणि नसेल तर ती बसवून घ्या. तिला फार खर्च येत नाही.